कोनाड्यातील वही

आपल्याकडच्या जुन्या घरांत भिंतीभिंतींतून कोनाडे असत. भिंत बांधतानाच गवंडी हातभर जागा रिकामी सोडी. त्या जागेत काय काय असे? तिन्हीसांजेला लावायचा दिवा, काड्यांची पेटी, आजोबांचा चष्मा, पंचांग आणि दुधाच्या रतिबाची वही. एवढ्यासाठी कोणी कपाट करून घेत नसे, आणि कपाट नाही म्हणून कोणाचे अडतही नसे. पण त्याच कोनाड्यात कोणी सुनेच्या पाटल्या ठेवल्याचे ऐकले आहे काय? त्या माजघरातल्या पेटीत, कुलपाआड. कोणती वस्तू कोनाड्यात आणि कोणती कुलपात, हे घरातल्या लहान पोरालाही न शिकवता कळे.

संगणकाच्या बाबतीत मात्र ही समज अजून आपल्या अंगवळणी पडावयाची आहे. म्हणून आज संगणकाच्या जगातल्या अशाच एका कोनाड्याची ओळख करून देण्याचा विचार आहे. तो फुकट मिळतो, सोयीचा आहे, आणि नीट वापरला तर लहान कामाला पुरून उरतो. नीट वापरला नाही तर काय होते, तेही सांगणार आहे. कारण ते माझ्याच हातून झाले आहे.

प्रथम गरज कोणती ते पाहू. हल्ली हौसेने छोटे छोटे प्रोग्राम लिहिणारी मंडळी घरोघर आढळतात. कोणी कॉलेजातला विद्यार्थी, कोणी घरकाम सांभाळून शिकलेली गृहिणी, कोणी निवृत्त कारकून. एखादा आपल्या सोसायटीच्या पाण्याच्या वेळा दाखवणारे पान तयार करतो, एखादी रोज एक नवा शब्द दाखवणारे. पान तयार करणे फारसे कठीण नाही. अडते ते पुढेच. पाण्याच्या वेळा बदलतात, शब्द रोज नवा लागतो. प्रत्येक वेळी पानाच्या पोटात हात घालून ओळी बदलणे म्हणजे भिंतीवर तारीख रंगवून रोज चुना लावण्यासारखे आहे. त्यापेक्षा पान एका जागी आणि त्यात दाखवायची माहिती दुसऱ्या जागी, अशी फारकत केलेली बरी. मग ही माहिती ठेवावयाची कोठे?

याचे रूढ उत्तर म्हणजे डेटाबेस. डेटाबेस म्हणजे माहितीची पेढीच म्हणा ना! तेथे हजारो खाती, एकाच वेळी दहा खिडक्यांवर व्यवहार, प्रत्येकाचे अधिकार वेगळे, आणि दोन माणसांनी एकाच खात्याला हात घातला तर कोणाला आधी आणि कोणाला मागून, याचा चोख बंदोबस्त. मोठ्या कामाला या पेढीवाचून गत्यंतर नाही. पण पेढी चालवायची तर तिला जागा लागते, म्हणजे सर्व्हर. तो चोवीस तास चालू हवा. त्याची डागडुजी हवी, आणि पुष्कळदा दरमहा भाडेही मोजावे लागते. चाळीस ओळींच्या यादीसाठी एवढा खटाटोप करणे म्हणजे रतिबाच्या वहीसाठी पेढी थाटणे झाले.

येथे आपला कोनाडा कामास येतो. त्याचे नाव गिस्ट.

गिटहब ही संस्था २००८ साली सुरू झाली. जगभरचे प्रोग्रामर आपले लिखाण तेथे ठेवतात, एकमेकांचे पाहतात, सुधारतात. २०१८ साली ती मायक्रोसॉफ्ट कंपनीने विकत घेतली. याच गिटहबने २००८ सालीच गिस्ट नावाची एक जोडसोय उघडली. हेतू अगदी साधा होता. प्रोग्रामचा एखादा लहानसा तुकडा मित्राला दाखवायचा आहे. तर तो एका चौकटीत उतरवावा, त्याला नाव द्यावे, जतन करावा, आणि मिळालेला पत्ता मित्राला कळवावा. झाले.

आता गंमत पाहा. चौकटीत उतरवलेला मजकूर प्रोग्रामच आहे की आणखी काही, याची चौकशी गिस्ट करीत नाही. त्याच्या लेखी तो मजकूर. पुस्तकांची यादी हाही मजकूर, पाण्याच्या वेळा हाही मजकूर. शिवाय या मजकुराला कायमचा पत्ता आहे, आणि त्या पत्त्यावरून तो जसा माणसाला वाचता येतो तसाच दुसऱ्या प्रोग्रामलाही वाचता येतो. ज्या मजकुराला पत्ता आहे आणि जो यंत्राला वाचता येतो, तो मजकूर म्हणजे माहितीचा साठाच नव्हे काय?

ही युक्ती अर्थातच माझी नव्हे. आलेख काढण्याच्या डी-थ्री या प्रसिद्ध साधनाचे कर्ते माईक बोस्टॉक यांनी ब्लॉक्स नावाचे एक संकेतस्थळ चालवले. त्यावर दिसणारी उदाहरणे साठवलेली असत ती गिस्टमध्येच. संकेतस्थळ केवळ ती उचलून चांगल्या रीतीने मांडून दाखवी. व्हिज्युअल स्टुडिओ कोड या संपादकासाठी कोणा एकाने पुरवणी लिहिली होती. माणसाने घरच्या संगणकावर बसवलेल्या आवडीनिवडी कचेरीतल्या संगणकावरही याव्यात, म्हणून ती पुरवणी त्या आवडीनिवडी गिस्टमध्ये नेऊन ठेवी आणि दुसरीकडे तेथूनच उचली. २०२० साली ही सोय त्या संपादकातच अंगभूत आली. पण तोवर असंख्य लोकांचे काम या कोनाड्यानेच भागवले.

आता माझी हकिकत सांगतो, म्हणजे गुण आणि दोष दोन्ही एका जागी दिसतील.

आमच्या तालुक्याच्या गावी एक लहानसे वाचनालय आहे. त्याचे काम एक निवृत्त शिक्षक पाहतात. सारा गाव त्यांना गुरुजीच म्हणतो. एकदा ते मला म्हणाले, "अरे, नवीन पुस्तकं आली की मी फळ्यावर खडूनं नावं लिहितो. पण फळा बघायला माणूस इथवर यायला हवा ना? लोकांच्या फोनवर यादी दिसेल असं काही कर की."

मी एक पान करून दिले. यादी मात्र पानाच्या पोटातच लिहिली. मग दर शनिवारी गुरुजींचा फोन येऊ लागला, "सात पुस्तकं आली आहेत, लिहून घे." तीन महिन्यांत मी कंटाळलो, आणि मला त्रास होतो हे जाणवून गुरुजी संकोचले. तेव्हा मी गिस्टचा आधार घेतला.

गुरुजींच्या नावाने गिटहबवर एक खाते उघडले. खाते त्यांच्याच नावाने उघडण्याचे कारण असे की, गिस्ट ज्याच्या खात्यात असेल त्यालाच त्यात फेरफार करता येतो. भागीदार नेमण्याची सोय तेथे नाही. दुसरा कोणी फार तर त्याची आपल्यापुरती नक्कल करून घेईल किंवा खाली अभिप्राय लिहील. मग एक नवा गिस्ट केला आणि त्यात यादी जेसन या पद्धतीने लिहिली. जेसन म्हणजे माहिती मांडण्याची एक रीत. प्रत्येक गोष्टीचे नाव अवतरणचिन्हांत, पुढे दोन टिंबे, त्यापुढे तिचे मूल्य. दोन गोष्टींच्या मध्ये स्वल्पविराम. आणि एका पुस्तकाची सारी माहिती एका महिरपी कंसात. उदाहरणार्थ पुस्तकाचे नाव, लेखक, प्रती किती. मराठी मजकूर त्यात बिनतक्रार मावतो.

आता पत्ता. येथे नवशिके हमखास ठेच खातात, म्हणून सविस्तर सांगतो. गिस्टच्या पानावर "रॉ" असे एक बटण असते. ते दाबले की सजावट वगळून नुसता मजकूर समोर येतो. प्रोग्रामला हवा असतो तो हाच. पण बटण दाबल्यावर मिळणाऱ्या पत्त्यात मधोमध ४० अक्षर-अंकांची एक माळ असते. ती माळ म्हणजे त्या क्षणीच्या आवृत्तीची खूण. तो पत्ता जसाच्या तसा आपल्या पानात घातला, तर पान जन्मभर तीच जुनी यादी दाखवत बसेल. गुरुजींनी कितीही भर घातली तरी पानावर काही उमटणार नाही! ती ४० अक्षरांची माळ पत्त्यातून काढून टाकली की मग नेहमी ताजी यादी येते. आणि तीसुद्धा तत्क्षणी येईलच असे नाही. वाटेत ठेवलेली आधीची प्रत काही मिनिटे मिळत राहते. तेव्हा बदल केल्याबरोबर दिसला नाही म्हणून घाबरून दहा वेळा जतन करू नये. चहा घेऊन यावे.

व्यवस्था सुरळीत चालू झाली. शनिवारी गुरुजी स्वतः खाते उघडत, चार ओळी लिहीत, जतन करीत. माझा फोन वाजेनासा झाला.

एका शनिवारी मात्र पान कोरे. यादी गायब! वाचकांचे फोन गुरुजींना, गुरुजींचा मला. "मी काहीच केलं नाही रे, शेवटचं एक पुस्तक तेवढं काढून टाकलं." तेथेच ग्यानबाची मेख होती. शेवटचे पुस्तक काढले, पण त्याच्या आधीच्या पुस्तकामागचा स्वल्पविराम तसाच राहिला. जेसनला शेवटच्या गोष्टीनंतर स्वल्पविराम चालत नाही. तसेच फोनवर लिहिताना काही वेळा सरळ अवतरणचिन्हांऐवजी वळणदार चिन्हे उमटतात, तीही चालत नाहीत. माणूस अशा चुका नजरेआड करतो. यंत्र करीत नाही.

पण गिस्टचा मोठा गुण त्या दिवशी कळला. प्रत्येक गिस्ट आतून गिटचे भांडारच असते. गिट ही व्यवस्था लिनस टॉरवल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी निर्माण केली. तिचे वैशिष्ट्य असे की, ती मजकुराची प्रत्येक आवृत्ती जपून ठेवते. काय होते, काय झाले, केव्हा झाले, सारे नोंदलेले. मी गिस्टचा इतिहास उघडला. आदल्या आठवड्याची धडकी यादी तेथे सुखरूप होती. दोन मिनिटांत चूक सापडली आणि यादी परत आली. गुरुजी म्हणाले, "म्हणजे ह्या वहीत खोडरबर चालतच नाही म्हण की!" मी हसलो. त्या वाक्याचा दुसरा अर्थ मला पुढे कळायचा होता.

त्या दिवसापासून पानात मी एक खबरदारी घातली. नवी यादी नीट वाचता आली तरच जुनी टाकायची. वाचता आली नाही तर आधीची दाखवत राहायचे. तुम्हीही अशी खबरदारी जरूर घ्या.

आता या कोनाड्याच्या मर्यादा पाहू. कोनाडा केवढा? एपीआय, म्हणजे प्रोग्रामने प्रोग्रामशी बोलायची जी खिडकी असते, तिच्यातून एका फाईलचा साधारण १ मेगाबाइटपर्यंतचा मजकूर सरळ हाती येतो. त्याहून मोठा असेल तर तो कापून दिला जातो, आणि पुरा हवा असल्यास निराळ्या पत्त्यावरून आणावा लागतो. देवनागरीच्या एकेका चिन्हाला ३ बाइट जागा लागते. म्हणजे एका मेगाबाइटमध्ये देवनागरीची सुमारे साडेतीन लाख चिन्हे बसतात. दोनशे पुस्तकांची यादी, प्रत्येकी शंभर चिन्हे धरली, तर वीस हजार चिन्हे. पुष्कळ जागा उरते. जागा अपुरी पडते असे वाटू लागले की समजावे, आपले काम आता कोनाड्याचे राहिले नाही.

दुसरी मर्यादा विचारणा किती वेळा करावी याची. ओळख न पटवता एपीआयकडे विचारणा केली, तर एका जाळे-पत्त्यावरून तासाला ६० पेक्षा अधिक विचारणा चालत नाहीत. ओळख पटवून केल्यास तासाला ५,००० चालतात. साठ हा आकडा एकट्या माणसाला मोठा वाटतो. पण वाचनालयात बसलेल्या तीस जणांचे फोन एकाच वाय-फायवर असतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्या साऱ्यांचा पत्ता सहसा एकच दिसतो. तिघांनी मिळून नव्हे, तिसांनी दोनदोनदा पान उघडले की संपला कोटा! उपाय सोपा. एकदा आणलेली यादी पानाने आपल्यापाशी पंधरावीस मिनिटे जपून ठेवावी आणि उगाच धावाधाव करू नये. पुस्तकांची यादी काही दर मिनिटाला बदलत नाही.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. कोनाड्याला कारकून नसतो. समजा, एका पुस्तकाच्या तीन प्रती शिल्लक आहेत आणि दोन टेबलांवरून एकाच वेळी एकेक प्रत दिली गेली. पहिल्या टेबलावरच्या प्रोग्रामने वाचले तीन, लिहिले दोन. दुसऱ्यानेही त्याच क्षणी वाचले तीन, लिहिले दोन. कपाटात उरली एक आणि वहीत राहिल्या दोन. एपीआयमार्फत लिहिताना फाईलचा मजकूर सबंध बदलला जातो, आणि मागून येणारा पुढच्याचे लिखाण पुसून जातो. पेढीत हे होऊ देत नाहीत. कोनाड्यात कोण अडवणार? म्हणून नियम असा की, वाचणारे हजार असोत, लिहिणारा हात एकच असावा.

लिहिण्यावरून किल्लीची गोष्ट निघाली. प्रोग्रामकडून गिस्टमध्ये लिहून घ्यायचे असेल तर त्याला टोकन नावाची किल्ली द्यावी लागते. ही किल्ली केवळ गिस्टपुरती करून घेता येते, आणि तशीच करावी. पण ती लोकांना दिसणाऱ्या पानात कधीही ठेवू नये. पानाचा आतला मजकूर कोणालाही पाहता येतो. पानात किल्ली ठेवणे म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली उंबरठ्यावर ठेवणे. गिटहबची एखादी किल्ली चुकून खुल्या गिस्टमध्ये आढळली, तर गिटहब ती आपण होऊन रद्द करते. पण चौकीदार जागा आहे म्हणून आपण दार उघडे टाकावे काय?

आता त्या चुकीकडे वळतो.

यादीचे काम इतके छान चालले की माझा हुरूप वाढला. गुरुजींपाशी लाल कापडी बांधणीची एक वही असे. कोणी कोणते पुस्तक नेले, केव्हा नेले, फोन नंबर काय, हे सारे तीत लिहिलेले. मी म्हटले, "गुरुजी, हीही गिस्टमध्ये ठेवू. कोणाचं पुस्तक परत यायचं राहिलंय ते तुम्हाला एका नजरेत दिसेल." गुरुजींनी विचारले, "लोकांना तर दिसणार नाही ना?" मी बेधडक सांगितले, "नाही. हा गिस्ट सीक्रेट आहे."

गिस्ट दोन प्रकारचे असतात, पब्लिक आणि सीक्रेट. पब्लिक म्हणजे खुला, तो शोधला तर सापडतो. सीक्रेट हा शब्द ऐकून आपल्याला कुलूप आठवते. वस्तुतः तेथे कुलूप नाही. सीक्रेट गिस्ट शोधात सापडत नाही, एवढेच. ज्याच्यापाशी पत्ता आहे, तो खाते असो वा नसो, उघडून वाचू शकतो. आणि हे काही लपवून ठेवलेले नाही. गिटहबने आपल्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट सांगितले आहे. मी वाचले नव्हते. दोष सर्वस्वी माझा.

पुढे काय झाले असेल ते तुमच्या ध्यानात आलेच असेल. गुरुजींसाठी केलेल्या पानाच्या आतल्या मजकुरात त्या गिस्टचा पत्ता होता. आमच्या वाचनालयात येणारी आठवीतली एक मुलगी नुकतीच पाने कशी लिहितात ते शिकत होती. तिने कुतूहलाने ते पान आतून उघडून पाहिले, पत्ता दिसला, आणि तिच्यासमोर सबंध वही उभी राहिली. ती धावत आली. "काका, यात सगळ्यांचे फोन नंबर आहेत. आईनं कोणती पुस्तकं नेली तीपण दिसतात."

तोवर पावणेदोन महिने झाले होते.

तुम्ही म्हणाल, पुस्तकांच्या नोंदी त्या, त्यांत काय एवढे? मलाही क्षणभर तसेच वाटले. गुरुजींना वाटले नाही. त्यांनी चष्मा काढून खाली ठेवला. म्हणाले, "अरे, एका बाईंनी घरात कोणाला न सांगता आपल्या दुखण्यावरचं पुस्तक नेलं होतं. एका मुलानं घर सोडून परगावी जायच्या परीक्षेचं नेलं होतं. माणसं माझ्यासमोर वही उघडून पुस्तकं नेतात, गावासमोर नव्हे."

मी घाईघाईने गिस्ट उघडला आणि साऱ्या ओळी पुसून टाकल्या. हायसे वाटले. आणि मग आठवले, ह्या वहीत खोडरबर चालत नाही! ज्या इतिहासाने शनिवारची यादी वाचवली, त्याच इतिहासात ती नावे आणि ते नंबर जसेच्या तसे होते. पत्ता माहीत असणाऱ्याने मागची आवृत्ती उघडावी, की झाले. ओळी पुसून भागणार नव्हते, गिस्टच समूळ नष्ट करायला हवा होता. तो केला. तरीदेखील कोणी मध्यंतरी आपल्या खात्यात त्याची नक्कल करून ठेवली असती, तर मूळ नष्ट झाल्यावरही ती नक्कल राहिली असती. तशी नक्कल झाल्याचे आम्हाला दिसले नाही. पण कोणी आपल्या संगणकावर उतरवून घेतले असेल, तर ते कळण्याचा मार्गच नाही.

त्या आठवड्यात गुरुजी वहीतल्या ४१ वाचकांकडे समक्ष गेले आणि काय झाले ते त्यांनी सांगितले. मला बरोबर नेले. ते मला बोलले काहीच नाहीत, प्रत्येक दारात फक्त म्हणत, "आमच्याकडून चूक झाली." त्या "आमच्या" शब्दाने मी जो ओशाळलो तो आजतागायत. बहुतेकांनी हसून सोडून दिले. त्या बाई मात्र काही बोलल्या नाहीत, आणि पुढे पुष्कळ दिवस वाचनालयात आल्या नाहीत.

२०२३ साली आपल्या संसदेने लोकांच्या डिजिटल स्वरूपातील वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी कायदा संमत केला. कायदा हवाच. पण ४१ दारांत उभे राहिल्यावर जे कळले, ते कायद्याच्या कलमांच्या आधीचे आहे. माहिती आपण ठेवतो म्हणून ती आपली होत नाही. ती ज्याची, त्याने आपल्यापाशी सोपवलेली असते.

तेव्हा, गिस्टमध्ये काही ठेवण्यापूर्वी मी आता स्वतःला चार प्रश्न विचारतो. तुम्हीही विचारावेत अशी विनंती आहे.

पहिला प्रश्न: हा मजकूर उद्या गावच्या चव्हाट्यावर वाचला गेला तर कोणाचे काही बिघडेल काय? बिघडणार असेल, तर येथेच थांबावे. पुढचे प्रश्न विचारूच नयेत. सीक्रेट असो वा पब्लिक, आणि मागाहून पुसता येईल या भरवशावरही, तो मजकूर येथे ठेवू नये.

दुसरा: लिहिणारा हात एकच आहे काय? अनेक असतील तर पेढीकडे, म्हणजे डेटाबेसकडे जावे. फार मोठी पेढीच हवी असेही नाही. एस्क्यूलाइट नावाचा डेटाबेस २००० सालापासून उपलब्ध आहे. तो फुकट आहे, आणि सारी माहिती एका फाईलमध्ये आपल्याच संगणकावर ठेवतो. सर्व्हर लागत नाही. आपल्या घरातली लहानशी तिजोरीच ती.

तिसरा: माहिती किती आहे, आणि ती किती वेळा बदलते? दिवसातून एकदोनदा बदलणारी शेदोनशे ओळींची यादी असेल तर कोनाडा उत्तम. मिनिटामिनिटाला बदलत असेल तर नाही.

चौथा: ही भिंत उद्या हलली तर? कोनाडा आपला असला तरी भिंत दुसऱ्याची आहे, हे विसरू नये. पूर्वी खाते नसतानाही कोणालाही निनावी गिस्ट करता येत असे. २०१८ साली ती सोय बंद करण्यात आली. मालकाने नियम बदलले, त्याचा तो अधिकारच आहे. म्हणून महिन्यातून एकदा गिस्टची प्रत आपल्या संगणकावर उतरवून घ्यावी. गिस्ट गिटचेच भांडार असल्यामुळे ते साऱ्या इतिहासासह उतरवता येते. कामाला पाच मिनिटे लागतात.

या चार प्रश्नांतून पार पडणारी कामे थोडी नाहीत. शाळेच्या सुट्ट्यांची यादी, बसच्या वेळा, रोजचा एक शब्द, आपल्याच प्रोग्रामच्या आवडीनिवडी, एखाद्या खेळाचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे, ही सारी कोनाड्यात सुखाने राहतात. त्यासाठी पैसा लागत नाही, सर्व्हर लागत नाही, आणि नवशिक्याला माहिती आणि पान वेगळे कसे ठेवावे याचा पहिला धडाही मिळतो.

आमच्या वाचनालयाची नव्या पुस्तकांची यादी आजही गिस्टमध्येच आहे. दर शनिवारी गुरुजी तीत भर घालतात. आता स्वल्पविराम तपासण्याचे काम त्या आठवीतल्या मुलीने आपण होऊन घेतले आहे. "आजोबा, शेवटचा काढा," असे ती सांगते आणि गुरुजी तो काढतात.

लाल कापडी बांधणीची वही परत कपाटात गेली आहे. कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली गुरुजींच्या जानव्याला नाही, पण कडोसरीला मात्र असते. मध्यंतरी एका संध्याकाळी मी यादीचे काही काम करीत बसलो होतो. त्या बाई आल्या. त्यांनी एक पुस्तक टेबलावर ठेवले. गुरुजींनी कपाट उघडले, वही काढली, नोंद केली आणि वही पुन्हा आत ठेवून कुलूप लावले. बाई ते सारे उभ्या राहून पाहत होत्या. कुलूप लागल्यावर मग त्या पुस्तक घेऊन गेल्या.